टॉवर लाइनचा सर्वे आणि परवानग्यांची एजन्सी : नकाशा चोख, दप्तर कच्चं

साताऱ्यात बसून १३२ आणि २२० केव्हीच्या (किलोव्होल्टच्या) वीजवाहक लाइनींचा मार्ग ठरवणारी, सर्वे करणारी आणि पुढच्या परवानग्यांचे प्रस्ताव तयार करून देणारी एक एजन्सी. तिच्या कामाचा हा आढावा. गिऱ्हाइकं तीन प्रकारची: माण-खटाव आणि जतकडचे पवन-सौर प्रकल्पवाले, सहवीजनिर्मिती करणारे साखर कारखाने, आणि लाइन उभारणारे ठेकेदार. एजन्सीचं नाव मुद्दाम देत नाही. खालची पारख कुठल्याही एजन्सीला लावून बघता येईल.

पाचपैकी तीन तारे. शिवारातल्या कामाला साडेचार, कचेरीतल्या कामाला दीड, म्हणून सरासरी तीन. पण लाइन अडते ती बहुतेक वेळा कचेरीतच, त्यामुळे ही सरासरी गिऱ्हाइकाच्या फारशी कामाची नाही.

मार्ग आणि टॉवर

आधी चांगलं. वनप्रस्तावात पर्यायी मार्ग दाखवावे लागतात म्हणून दोन खोटे मार्ग मुद्दाम जंगलातून ओढायचे आणि तिसरा आपला खरा, ही या धंद्यातली जुनी खोड. वनक्षेत्रपालाला ती पहिल्या पानावरच कळते. या एजन्सीचे तिन्ही मार्ग खरोखर लाइन नेता येईल असे असतात. तुलनेच्या तक्त्यात एकूण लांबी, वनातली लांबी, कोनाचे टॉवर, रेल्वे-महामार्ग-नदी-कालव्यांची क्रॉसिंग, बागायत, घरांपासूनचं अंतर आणि ट्रॅक्टर-ट्रॉली कुठवर जाते हेही असतं. शेवटचा रकाना बाकीचे लोक लिहीत नाहीत. माणच्या माळावर तो नसला तरी चालतं, पाटणच्या डोंगरात मात्र टॉवरचं लोखंड डोक्यावरून न्यावं लागेल की ट्रॉलीतून, हे त्याच रकान्यावरून कळतं.

टॉवर स्पॉटिंगमध्ये, म्हणजे कुठला टॉवर कुठे बसवायचा ते ठरवण्यात, हात बसलेला आहे. लाइनचा कोन २ अंशांपर्यंत असेल तर ए टाइप टॉवर, १५ पर्यंत बी, ३० पर्यंत सी, आणि त्यापुढे ६० पर्यंत किंवा लाइन संपते तिथे डी. डी टाइपला लोखंड आणि काँक्रीट दोन्ही भरपूर लागतं. ३२ अंशांचा कोन आला की हे लोक मागचा-पुढचा कोनबिंदू थोडा सरकवून तो सीमध्ये बसतो का ते बघतात. कच्चा सर्वेअर तसाच डी मारून मोकळा होतो आणि खर्च मालकाच्या गळ्यात पडतो. प्रोफाइल (मार्गावरच्या जमिनीच्या चढउताराचं चित्र) आडवं १:२००० आणि उभं १:२०० या नेहमीच्या प्रमाणात मिळतं. उन्हाळ्यात तार तापून जास्तीत जास्त झोळ पडेल तेव्हाची रेषा त्यावर वेगळी काढलेली असते.

तारांच्या जमिनीपासूनच्या किमान उंचीचा हिशेब सोपा आहे. ३३ केव्हीला ५.२ मीटर आणि त्यापुढच्या प्रत्येक ३३ केव्हीला किंवा त्याच्या भागाला ०.३ मीटर. म्हणजे १३२ केव्हीला ६.१ आणि २२० केव्हीला ७ मीटर. कागदावर एवढं पुरतं. पण वाळवा, कराड, पलूसच्या उसात एवढ्यावर थांबू नये. उभा ऊस ३-४ मीटर होतो आणि तोडणी झाल्यावर फडातलं पाचट पेटवलं जातं. जाळ आणि काळा धूर तारांपर्यंत गेला की तिथली हवा वीज अडवेनाशी होते आणि लाइन ट्रिप होते. हंगामात हे सारखं घडतं. उपाय म्हणजे उसाच्या पट्ट्यात टॉवरला ३ किंवा ६ मीटरचं एक्स्टेन्शन (जास्तीची उंची) द्यायचं. एजन्सी ते आपणहून सुचवत नाही, सांगितलं तर करते. तेव्हा आधीच सांगून ठेवा.

ड्रोनचं काम नेमकं. ग्रीन झोनमध्ये १२० मीटरच्या आत उडवतात, डिजिटल स्काय या सरकारी ड्रोन पोर्टलवर झोन तपासल्याचा स्क्रीनशॉट अहवालाला जोडतात. चित्रावर विहिरी, बोअरची घरं, द्राक्षाचे मांडव, शेततळी वेगळ्या खुणांनी दाखवलेली असतात.

मातीच्या बाबतीत मात्र कंजुषी करतात. चाचणीखड्डे फक्त कोनाच्या टॉवरला घेतात आणि मधल्या टॉवरना अंदाजाने वर्ग लावतात. खटावात एकाच शेतात वर मुरूम आणि खाली काळा पाषाण निघतो. कृष्णाकाठी हाताला लागते ती फुगणारी काळी माती. कोरडी जमीन, ओली जमीन, ओली काळी माती, भेगाळलेला खडक, कठीण खडक या प्रत्येक वर्गाचा पाया वेगळा आणि काँक्रीटही वेगळं. सर्वेत 'कोरडी साधारण' लिहिलं आणि खोदल्यावर काळी निघाली की ठेकेदाराचं जादा बिल ठरलेलंच. प्रत्येक टॉवरला खड्डा मागून घ्या.

सांगली-मिरज पट्ट्यात पुराचं पाणीही बघायला हवं. २०१९ च्या महापुरात आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं, तिथली धोक्याची पातळी ४५ फूट. जलसंपदा विभागाच्या निळ्या आणि लाल पूररेषा मार्गाच्या नकाशावर चढवल्या, की कोणत्या टॉवरच्या पायाची चिमणी (पायातून वर येणारा काँक्रीटचा खांब) उंच करायची ते बसल्या जागी ठरतं. एजन्सीच्या नकाशावर या रेषा नव्हत्या. मागितल्यावर दिल्या, पण त्या आधीच असायला हव्या होत्या.

'पर्यावरण मंजुरी' नावाची ओळ

कोटेशनमध्ये 'पर्यावरण मंजुरी' अशी एक ओळ असते आणि तिच्यापुढे बऱ्यापैकी रक्कम. ही ओळ खोडायला लावा. १४ सप्टेंबर २००६ च्या पर्यावरण आघात मूल्यांकन अधिसूचनेच्या परिशिष्टात पारेषण लाइन नाहीच, म्हणून तिला त्या अधिसूचनेखालची पूर्वमंजुरी लागत नाही. लागते ती वनजमीन असेल तर वनमंजुरी आणि अभयारण्य, राष्ट्रीय उद्यान किंवा व्याघ्र प्रकल्प आडवा आला तर वन्यजीव मंजुरी. या वेगळ्या गोष्टी आहेत आणि कोटेशनमध्ये त्यांच्या वेगळ्या ओळी असतातच. एकाच कामाचे दोनदा पैसे कशाला?

कर्ज देणारी बँक किंवा परदेशी गुंतवणूकदार पर्यावरण व सामाजिक आघाताचा अहवाल मागतो. तो कायद्याने नाही, करारामुळे लागतो. एजन्सी तो करून देते आणि तिच्या सगळ्या कामात हा भाग सर्वांत सुमार. माण तालुक्यातल्या माळरानासाठी केलेल्या अहवालात 'खारफुटीवर परिणाम : नाही' असं एक वाक्य आहे. खरंच आहे ते. म्हसवडला खारफुटी कुठून येणार! कोकणातल्या कुठल्या तरी जुन्या अहवालाचं पान तसंच उचललेलं. प्राण्यांच्या यादीत सांबर-गवा आहेत, आणि माणच्या माळावर ज्यांची खरी चौकशी व्हायला हवी तो लांडगा, चिंकारा, धाविक पक्षी यादीत नाहीत. पडीक माळ म्हणजे रिकामी जमीन, हा सरकारी दप्तरातला समज अहवालात जसाच्या तसा उतरला आहे.

मायणीचं पक्षी क्षेत्र २०२१ मध्ये संवर्धन राखीव म्हणून जाहीर झालं. तिथला आणि येरळवाडीचा तलाव जवळ असेल तर पक्षी कुठून कुठे उडतात, किती उंचीवरून, हे हिवाळ्यात बघावं लागतं, कारण स्थलांतर करणारे पक्षी तेव्हाच असतात. एजन्सीची पाहणी मे महिन्यातली. तारेवर लावायच्या पक्षी-सूचकांची शिफारस अहवालात आहे, पण ते जाड कंडक्टरवर दाखवलेत. पक्षी आपटतात ते मुख्यतः सगळ्यात वरच्या बारीक अर्थवायरवर, कारण ती त्यांना दिसत नाही. सूचक तिथे हवेत.

वनप्रस्ताव

खरा घोळ इथे आहे, म्हणून जरा सविस्तर.

वनजमिनीतून लाइन न्यायची तर वन (संरक्षण एवं संवर्धन) अधिनियम १९८० खाली केंद्राची मान्यता लागते. कायद्याला हे नाव २०२३ च्या दुरुस्तीने मिळालं आणि नवे नियम १ डिसेंबर २०२३ पासून लागू आहेत. अर्ज केंद्राच्या परिवेश पोर्टलवर भरायचा. तिथून तो सातारा किंवा सांगलीच्या उपवनसंरक्षकांकडे, पुढे कोल्हापूरच्या मुख्य वनसंरक्षकांकडे, मग नागपूरच्या नोडल अधिकाऱ्यांकडे जातो. लाइनीसारख्या रेषीय प्रकल्पांची तपासणी केंद्राच्या नागपूर प्रादेशिक कार्यालयात होते. तत्त्वतः मान्यता पहिल्या टप्प्यावर आणि अंतिम दुसऱ्या. रेषीय प्रकल्पांना पहिल्या टप्प्यानंतर, पैसे भरून आणि अटी पाळून काम सुरू करण्याची परवानगी मिळू शकते. जुन्या लाइनींवर काम केलेल्यांना हे माहीत असतं, नवख्या प्रकल्पवाल्यांना नसतं. एजन्सी हे नीट समजावून सांगते, हे तिच्या बाजूने.

कॉरिडॉरची, म्हणजे लाइनीखालच्या पट्ट्याची, रुंदी ठरलेली आहे: ६६ केव्हीला १८ मीटर, ११० ला २२, १३२ ला २७, २२० ला ३५, ४०० केव्हीला ४६. हिशेब करा. १३२ केव्हीची लाइन वनातून १४०० मीटर जात असेल तर २७ गुणिले १४००, म्हणजे ३.७८ हेक्टर. वनजमीन वापरण्याबद्दल जे 'निव्वळ वर्तमान मूल्य' भरावं लागतं, त्याचे दर जानेवारी २०२२ मध्ये वाढले. वनाचा वर्ग आणि घनता बघून हेक्टरी साधारण ९.५७ लाख ते १५.९५ लाख रुपये. म्हणजे एवढ्याशा पट्ट्याला ३६ लाखांपासून ६० लाखांपर्यंत, भरपाई वनीकरणाचा खर्च वेगळा. अभयारण्यात हा दर पाचपट आणि राष्ट्रीय उद्यानात दहापट. मार्ग ३०० मीटर बाजूला घेतल्याने काय वाचतं ते यावरून समजेल.

पण हा हिशेब करायला आधी वन कुठे आहे ते कळायला हवं. ते ठरतं जुन्या कागदावर. वनखात्याची राखीव-संरक्षित वनाची राजपत्रं जुन्या सर्वे नंबरांत आहेत. आपल्याकडे तुकडेबंदी आणि एकत्रीकरणाची योजना राबवल्यावर गावोगावचे सर्वे नंबर जाऊन गट नंबर आले. सातबारा आज गट नंबरचा निघतो. एजन्सीने सातबारा काढला, वनखात्याची यादी समोर ठेवली, यादीत तो नंबर दिसला नाही, लिहून टाकलं 'वनेतर'. पण यादीतला ११२ म्हणजे जुना सर्वे नंबर आणि आजचा गट ३४७, हे जोडून देणारं गटबुक भूमि अभिलेखच्या उपअधीक्षक कार्यालयात पडून असतं. (नंबर नमुन्यादाखल.) ते उघडल्याशिवाय 'वन नाही' असं कुणी लिहू नये. प्रस्ताव खाली वनरक्षकाकडे जागा पाहणीला गेला की तो गावच्या शिवेवरचा वनखात्याचा दगड दाखवतो, आणि सहा महिन्यांचं काम परत पहिल्या पानावर. एजन्सीच्या ज्या तीन प्रस्तावांवर हा आढावा आहे, त्यांतल्या दोघांना याच कारणाने त्रुटी निघाली.

सातबाऱ्याचा 'इतर हक्क' रकानाही वाचायचा असतो. खासगी वन संपादन कायदा १९७५ ची नोंद, कोयना किंवा इतर धरणग्रस्तांसाठी राखीव अशी नोंद, देवस्थान इनाम, भोगवटादार वर्ग २: यातली प्रत्येक नोंद कामाला वेगळं वळण लावते. शिवाय १२ डिसेंबर १९९६ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर 'वन' म्हणजे फक्त खात्याच्या मालकीची जमीन असं उरलेलं नाही. कुठल्याही सरकारी दप्तरात वन म्हणून नोंद असेल तर ती बघावीच लागते. यांच्या तक्त्यात 'इतर हक्क' या रकान्यात सगळ्यांपुढे 'निरंक'.

आता केएमएल फाइलबद्दल, म्हणजे मार्ग नकाशावर दाखवणाऱ्या संगणकी फाइलबद्दल. पोर्टलवर नुसती मधली रेषा चढवून चालत नाही, पूर्ण रुंदीचा बंद आकार लागतो आणि वनाचे तुकडे वेगवेगळे दाखवावे लागतात. प्रत्येक तुकड्याचं क्षेत्र डीजीपीएस (जास्त अचूक जीपीएस) मोजणीच्या क्षेत्राशी आणि अर्जातल्या आकड्याशी जुळलं पाहिजे. ३.७८ आणि ३.८१ असा फरक राहिला तरी त्रुटी निघते. एजन्सीचं हे काम स्वच्छ आहे. एकच खबरदारी. जुने टोपोशीट (सरकारी स्थलदर्शक नकाशे) एव्हरेस्ट या मोजणीच्या आधारावर आणि जीपीएस डब्ल्यूजीएस-८४ या दुसऱ्या आधारावर. बदल न करता दोन्ही एकावर एक ठेवले की अख्खी रेषा सरकते आणि टॉवर एका गटातून शेजारच्या गटात जाऊन बसतो. गावनकाशा बसवताना तीन गावांच्या शिवा जिथे मिळतात ते दगड जागेवर जाऊन टिपायला सांगा. नुसत्या उपग्रहचित्रातले बांध आणि रस्ते जुळवून बसवलेला नकाशा फसवतो. बांध कसे सरकतात ते शेतकऱ्याला सांगायला नको.

झाडांच्या यादीत उलटी चूक. कॉरिडॉरमधली सगळी झाडं 'तोडायची' म्हणून मोजली आहेत. प्रत्यक्षात वनात प्रत्येक तारेच्या खाली तार ओढण्यापुरता ३ मीटरचा पट्टा मोकळा करायचा, काम झाल्यावर तिथे झाडं परत येऊ द्यायची, आणि देखभालीला एका कडेचा पट्टा मोकळा ठेवायचा, असं धोरण आहे. बाकीच्या भागात विजेच्या अंतरापुरती छाटणी. तोडीचा आकडा फुगवून दाखवला की प्रस्तावाकडे वरच्या कार्यालयात वाकड्या नजरेने बघितलं जातं, आणि तेही उगीच.

वनहक्क कायदा २००६ खालचं जिल्हाधिकाऱ्यांचं प्रमाणपत्र लागतं. रेषीय प्रकल्पांना सरसकट ग्रामसभेची संमती लागत नाही. ५ फेब्रुवारी २०१३ च्या केंद्रीय परिपत्रकाने तशी सूट आहे, आदिम जमातींचे हक्क गुंतलेले असतील तर नाही. सूट संमतीची आहे, प्रमाणपत्राची नाही. एजन्सी हे शेवटी हाती घेते. त्याची फाइल तलाठी, मंडळ अधिकारी, तहसीलदार, प्रांत अशी एकेक टेबल चढत जाते, म्हणून ती पहिल्याच महिन्यात सुरू व्हायला हवी. तलाठ्याला आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं, बाकी टेबलं तीच.

पश्चिमेकडचा भाग

इथे एजन्सीचा सल्ला बरोबर आहे: शक्य असेल तर जाऊच नका. सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात कोयना अभयारण्य आणि चांदोली राष्ट्रीय उद्यान येतं, क्षेत्र ११६५ चौरस किलोमीटरच्या आसपास. कास, कोयना, चांदोली २०१२ पासून जागतिक वारसा यादीत. महाबळेश्वर-पाचगणीची पर्यावरण संवेदनशील क्षेत्राची अधिसूचना १७ जानेवारी २००१ ची. पश्चिम घाटाच्या मसुदा अधिसूचनेची गावयादी वेगळी. व्याघ्र प्रकल्पातून किंवा दोन संरक्षित क्षेत्रं जोडणाऱ्या वाघाच्या वाटेतून लाइन न्यायची तर राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाचा सल्ला आणि राष्ट्रीय वन्यजीव मंडळ, एवढं सगळं. सांगलीकडे सागरेश्वर अभयारण्य छोटं, ११ चौरस किलोमीटरही नाही, पण कडेगाव-पलूसमधून सरळ रेषा मारली की बरोबर त्याच्यावरून जाते. वळसा घालायचा.

कलम ६८, कलम १६४ आणि शेतकरी

वीज कायदा २००३ च्या कलम ६८ खालची मान्यता म्हणजे लाइन टाकायला सरकारची हरकत नाही. एवढ्याने कुणाच्या शेतात पाय ठेवता येत नाही. कलम १६४ खाली टेलिग्राफ कायद्याचे अधिकार मिळाले तरच जमीन संपादित न करता टॉवर उभारता येतो. ते नसतील तर परवानाधारकांच्या कामांविषयीच्या नियमांप्रमाणे मालकाची संमती घ्या, आणि हरकत आली तर जिल्हा दंडाधिकाऱ्यांकडे जा. प्रकल्पवाले ६८ मिळालं की पेढे वाटतात आणि पहिल्याच बांधावर काम बंद पडतं. एजन्सी दोन्ही अर्ज एकदम करते, हे चांगलं.

दूरसंचार कायदा २०२३ आल्यावर टेलिग्राफ कायदा गेला, मग अधिकार उरला कुठे, असं गावातले वकील विचारतात. नव्या कायद्यातच तरतूद आहे की पारेषण लाइनींपुरता जुन्या कायद्याचा भाग ३ चालू राहील. एजन्सीच्या माणसाला गावसभेत हे सांगता आलं नाही. आणखी एक गफलत: शेतकऱ्यांना वाटायच्या पत्रकात 'भरपाई कमी वाटल्यास जिल्हाधिकाऱ्यांकडे अपील' असं छापलं आहे. काम अडवलं तर प्रकरण जिल्हा दंडाधिकाऱ्यांकडे जातं. भरपाई पुरेशी की अपुरी, हा वाद टेलिग्राफ कायद्याच्या कलम १६(३) प्रमाणे जिल्हा न्यायाधीशांकडे. चुकीच्या दारात पाठवलेला शेतकरी पुढे कुठलंच पत्रक वाचत नाही.

भरपाईत खरी रक्कम कुठे असते ते बघा. केंद्राच्या १४ जून २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांत टॉवरखालच्या जागेला जमिनीच्या किमतीच्या २०० टक्के आणि तारांखालच्या पट्ट्याला ३० टक्के आहेत. टॉवरची जागा म्हणजे चार पायांमधलं क्षेत्र आणि प्रत्येक बाजूला १ मीटर. पाय ७ बाय ७ मीटरवर असतील तर ९ बाय ९, म्हणजे ८१ चौरस मीटर, एक गुंठाही नाही. उलट १३२ केव्हीचा ३२० मीटरचा एक गाळा (दोन टॉवरमधलं अंतर) गुणिले २७, म्हणजे ८६४० चौरस मीटर, ८५ गुंठ्यांच्या आसपास, दोन एकरांच्या वर. भांडण टॉवरवरून होतं आणि पैसा पट्ट्यात असतो. म्हणून पट्ट्याचं क्षेत्र गटवार, पोटहिश्शावार बिनचूक हवं. एजन्सी गटापर्यंतच तोडते. सात भावांचा एक गट आणि तार दोघांच्याच हिश्शावरून गेली, तर पैसे कुणाचे? फाळणी नकाशा काढून पोटहिस्सा लावल्याशिवाय हे सुटत नाही. तुमच्या लाइनीला राज्याचा कुठल्या तारखेचा शासन निर्णय लागू आहे, तेही तक्त्याच्या डोक्यावर लिहून घ्या.

पिकांची भरपाई वेगळी, आणि पाया, उभारणी, तार ओढणं अशा तिन्ही वेळी पंचनामा लागतो. तासगाव-कवठेमहांकाळच्या द्राक्षपट्ट्यात तार ओढायची ती माल उतरल्यावर आणि एप्रिलच्या खरड छाटणीच्या सुमाराला, तेव्हा मांडव मोकळा असतो. ऑक्टोबरच्या फळछाटणीनंतर आत गेलात तर एका दिवसाच्या कामाला वर्षाच्या मालाची भरपाई. एजन्सीचं वेळापत्रक 'पावसाळा वगळून' एवढंच म्हणतं.

मांडवाबद्दल अहवालात एक शब्द नाही, आणि तो असायलाच हवा. लोखंडी अँगल आणि गॅल्वनाइज्ड तारांच्या लांबच लांब ओळी लाइनीला समांतर गेल्या की त्यांत प्रवर्तनाने दाब येतो आणि छाटणी करणाऱ्या बायकांना झटके बसतात. ओळी आडव्या असतील तर त्रास कमी. उपाय स्वस्त आहे: प्रत्येक ओळीच्या तारा दोन्ही टोकांना अर्थ करायच्या आणि लांब ओळ मध्ये तोडून इन्सुलेट करायची. कॉरिडॉरमधल्या बागांची यादी, ओळींची दिशा आणि लागणारे अर्थरॉड हे सगळं सर्वेतच आलं तर खर्च प्रकल्पाच्या अंदाजपत्रकात बसतो. नंतर आलं तर तक्रार म्हणून येतं.

क्रॉसिंग आणि बाकीचे ना हरकत दाखले

पुणे-मिरज रेल्वे आडवी येतेच. क्रॉसिंग शक्यतो काटकोनात, दोन्ही बाजूंना ताणाचे टॉवर, दुहेरी इन्सुलेटर, त्या गाळ्यात तारेला सांधा नाही, आणि रुळाच्या मध्यापासून टॉवर त्याच्या उंचीपेक्षा ६ मीटर जास्त लांब. यांची रेल्वेची ड्रॉइंग पहिल्या खेपेला मान्य होतात, याला पूर्ण गुण. राष्ट्रीय महामार्ग ४८ आणि टेंभू-ताकारी-म्हैसाळच्या कालव्यांचे अर्जही व्यवस्थित. वीज आणि दूरसंचार समन्वय समितीसाठी जमिनीची रोधकता (वीज अडवण्याचं प्रमाण) मोजावी लागते. ती हे लोक सर्वेबरोबरच, कोरड्या दिवसांत उरकतात, त्यामुळे परत गाडी पाठवावी लागत नाही. कराडच्या विमानतळाजवळून जाताना टॉवरच्या उंचीचा विमानतळ प्राधिकरणाचा दाखला मात्र कोटेशनमध्ये धरलेला नाही, वेगळा मागावा लागतो.

पैसे देताना

यांच्या बिलाचे टप्पे 'अहवाल सादर', 'प्रस्ताव अपलोड' असे असतात. अपलोड झालं की नव्वद टक्के रक्कम त्यांच्याकडे आणि त्रुटीची उत्तरं द्यायला फोन लागत नाही. टप्पे असे बांधा: गटबुकाशी जुळवलेला वननोंदींचा तक्ता, उपवनसंरक्षकांकडून प्रस्ताव पुढे जाणं, पहिल्या टप्प्याची मान्यता, काम सुरू करण्याची परवानगी. शेवटच्या दोहोंवर मिळून निदान चौथा हिस्सा राखून ठेवा. पाया घेण्याआधीचा चेक सर्वे त्याच दरात धरा, कारण सर्वे आणि खोदाई यांच्या मधल्या वर्षात कॉरिडॉरमध्ये एखादं पत्र्याचं घर हमखास उभं राहतं. कार्यादेशाआधी मागितलं तर एजन्सी हे सगळं मान्य करते. सही झाल्यावर मागितलं तर प्रत्येक गोष्टीचं वेगळं कोटेशन येतं.